वाघूर कुणाची

पाडव्याला चार दिवस उरले तरी हणमंतरावांची वाघूर दुरुस्त व्हायची होती. उंदरांनी यंदा नेमकी मधोमध मेजवानी केली होती. ससे धरायचं ते चाळीस हात लांबीचं जाळं अंगणात दोन खुंटांना ताणून बांधलं होतं आणि हणमंतराव त्याचं एकेक घर बोटांनी चाचपत पुढे सरकत होते. सशाचं डोकं आत जाईल आणि खांदा अडेल एवढंच घर, चार बोटांचं. तुटलं असेल तिथे घायपाताचा वाख मांडीवर वळायचा, थुंकीने ओला करायचा आणि जुन्या दोरात गाठवायचा. साठीला आलेल्या त्या मांडीवरचे केस कधीच झडून गेले होते. दुपारपर्यंत कातडी लाल झाली, तेव्हा त्यांनी दुसरी मांडी पुढे केली.

बेंगळूरजवळच्या आनेकलच्या पलीकडे, जंगलाला चिकटून पंचवीस घरांचं ते पाळ्य. तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या घोड्यांमागून ही मराठ्यांची घरं इकडे आली. सरदार गेला, घोडी मेली, माणसं मात्र नाचणी पेरत तिथेच राहिली. बाहेर कन्नड, घरात मराठी, आणि त्या मराठीतही निम्मी कन्नड. जुन्या ऐटीतलं एकच काही उरलं होतं, ते म्हणजे पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची शिकार. त्या मुलखात त्या दिवसाला होसतोडकू म्हणतात आणि घराघरात मटण शिजतं. पाळ्यातले बाप्ये मात्र त्या दिवशी कसायाचं दार चढत नसत. वाघुरी खांद्यावर टाकून माळावर जायचे, दोन-चार ससे आणायचे, मारम्मा देवीपुढे कापायचे आणि पंचवीस घरांत वाटे घालायचे. एकेका घराला येणाऱ्या वाट्यात मांजराचंही पोट भरलं नसतं, पण तो वाटा आल्याशिवाय नवं वर्ष लागलं असं कुणी म्हणत नसे.

या शिकारीचा कायदा सरकारच्या कायद्याहून कडक होता. सगळ्यांच्या वाघुरी एका ओळीत लावायच्या. हाकाऱ्यांनी लांबून ओरडत, डबे बडवत जनावर त्या ओळीवर आणायचं. ज्याच्या वाघुरीत जनावर पडेल त्याने मेखेवर हात ठेवून तीनदा म्हणायचं, "वाघूर माझी." मग सुरी. डोकं आणि मागची तंगडी त्याची, बाकीचं गावाचं. आणि जनावर पडलेलं असताना जो वाघूर टाकून पळाला, त्याच्या घरात पुन्हा वाघूर नाही. त्याच्या पोराबाळांनी हाकाच घालायचा. ज्योतिबाच्या आज्याचं असंच झालं होतं. सशाच्या जागी वाघुरीत बिबट्या येऊन पडला आणि आज्याने धूम ठोकली. कुणीही ठोकली असती. पण तेव्हापासून तीन पिढ्या ते घर हाका घालत होतं. ज्योतिबाचा गळा इतका तयार झाला होता की तो नुसता खाकरला तरी झुडपातून तितर उडायचे. हणमंतरावांच्या वाघुरीवर जनावर आणायचं काम चाळीस वर्षं त्याचंच होतं.

त्याच दुपारी मल्लाप्पा सायकलवरून आला. मल्लाप्पा शेजारच्या गावचा, जंगलखात्यात वॉचर. लहानपणी याच पाळ्यातला वाटा खाऊन वाढलेला. त्याने सायकल उभी केली, ताणलेल्या जाळ्याकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"राव, या वर्षी साहेब नवे आलेत," तो म्हणाला. "तरुण आहेत. जीप घेऊन स्वतः फिरतात. स्वल्प सांभाळा."

"सशांसाठी जीप?"

"ससा काय, त्यांना घोरपडही चालत नाही. मी सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा."

"सरी, बरं," हणमंतराव म्हणाले आणि गाठीला दात लावला.

मल्लाप्पा गेला तसा अजित आतून बाहेर आला. हणमंतरावांचा हा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा. तीन वर्षं तो कंत्राटदाराच्या हाताखाली कंपन्यांच्या आवारातलं गवत कापत होता. कंत्राटदाराच्या मनात आलं की काम, नाही तर घरी. आता येलहंक्याला एअर फोर्सच्या कँपात माळ्याची जागा निघाली होती. परीक्षा नाही, मुलाखत झाली, नाव यादीत आलं. राहायला खोली, म्हातारपणी पेन्शन. फक्त पोलिसांची चौकशी तेवढी व्हायची होती. तसं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं होतं आणि त्याच्या आईने, इंदिराबाईंनी, ते देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं.

"अप्पा, यंदा नको," अजित म्हणाला.

"काय नको?"

"जाऊ नका. पोलीस घरी येऊन विचारणार, घरातल्या कुणावर केस हाय काय. एवढ्यावर नोकरी अडलीय."

"सशावर केस होत नाय."

"होते. मल्लाप्पाने आत्ता काय सांगितलं?"

हणमंतरावांनी वर बघितलं. पोरगं उन्हात उभं होतं, गवत कापायच्या यंत्राने त्याच्या हाताला कायमचा कंप आणला होता. त्यांना त्याची दया आली. पण वाघूर पाडव्यासाठी अंगणात ताणलेली सगळ्या पाळ्याने बघितली होती. ओळीत मधली जागा त्यांची. ती रिकामी राहिली तर लोक काय म्हणतील, हे अजितला कसं सांगायचं ते त्यांना कळेना.

"जाऊन दोन तासांत येतो," ते म्हणाले. "उन्हं चढायच्या आत."

आतून इंदिराबाई म्हणाल्या, "त्यांचं डोकं घायपाताचंच हाय. ओलं केल्याशिवाय वळत नाय." पण त्यांनीही जाऊ नका असं म्हटलं नाही. कारण त्यांच्या माहेरचीही रीत तीच होती.

त्या साली, म्हणजे सत्त्याण्णव साली, उन्हाळा शिमग्यातच पेटला होता. जंगलातली डबकी आटली होती. पाडव्याआधी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला वणवा लागून गेला आणि गवत काळं पडलं. टोमॅटोच्या पाटांचं पाणी प्यायला हरणं पहाटे पार बांधापर्यंत येत होती. ओल्या मातीत त्यांची खुरं उमटलेली सगळ्यांनी बघितली होती. तेवढ्यावरून त्या दिवशी ओळ जंगलापासून लांब लावायला हवी होती. पण ओळ कुठे लावायची हे आज्यापणज्यांनी ठरवलेलं, ती त्याच ओहोळाच्या तोंडाशी लागली.

उजाडताना अकरा जण निघाले. हणमंतरावांनी मुठीतली माती सोडून वारा बघितला, मेखा ठोकल्या, बेचक्याच्या हलक्या काठ्यांवर वाघूर उभी केली. धक्का लागला की काठी पडावी आणि जाळं अंगावर यावं, इतपतच टेकू. खालची कड मातीने दाबली. मग करवंदीच्या जाळीमागे पोटावर झोपले. हाडं आता जमिनीला टोचत होती. तोंडापुढे जळक्या गवताचा वास येत होता आणि त्यांना मनापासून बरं वाटत होतं. वर्षभर ते रेशीमकिड्यांना पाला घालणारे म्हातारे होते. आज नव्हते.

लांबून ज्योतिबाचा हाका सुरू झाला. हू-हू-हू, मग डब्याचा खणखणाट, मग परत हू-हू. आवाज ओहोळातून खाली येऊ लागला. एक ससा आला, वाघुरीजवळ बसला, कान हलवले आणि बाजूच्या प्लास्टिकच्या जाळ्याकडे पळाला. तिकडे कुणीतरी हसलं. मग पाचोळा वाजला. हा आवाज सशाचा नव्हता.

चितळाची मादी होती. ओहोळाच्या वळणावरून ती सरळ आली, उडी घ्यायला एक पाऊल कमी पडलं आणि पुढचे दोन्ही पाय वाघुरीत गेले. काठ्या पडल्या. ती आपटली, उठली, परत आपटली. जुना वाख तुटेना. हणमंतराव धावत तिच्याजवळ गेले तेव्हा त्यांना तिचं पोट दिसलं.

"गाभण हाय!" ते ओरडले. "हाका थांबवा! ज्योत्या, थांबव!"

गाभण जनावराला हात लावायचा नाही, पडलं तर सोडायचं. यात दोन मतं नव्हती. पण सोडायचं कसं? ती लाथा झाडत होती. एक लाथ त्यांच्या बरगडीवर बसली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी ते तिच्या मानेवर झोपले, कमरेचा विळा काढला आणि स्वतःच्या हाताने वाघूर कापायला लागले. चार दिवस मांडी सोलून जोडलेली घरं त्यांनी घाईघाईने तोडली. ज्योतिबा धापा टाकत आला, त्याने मागचे पाय धरले. मादीच्या तोंडाला फेस आला होता आणि तिचं काळीज हणमंतरावांच्या छातीखाली इतकं उडत होतं की त्यांना वाटलं ते त्यांचंच आहे.

"सुटली," ज्योतिबा म्हणाला. "सरका, अण्णा."

ते सरकले. मादी उभी राहिली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. ती चार पावलं चालली, गुडघे मोडून बसली आणि मग मान टाकली. दोघं वाट बघत राहिले. ती उठलीच नाही. नुसत्या भीतीने मेली.

त्याच वेळी वरच्या रस्त्यावर जीपचा आवाज झाला. ओळीतली माणसं आपापली प्लास्टिकची जाळी गुंडाळून केव्हा नाहीशी झाली ते कळलंसुद्धा नाही.

"अण्णा, चला," ज्योतिबा म्हणाला.

हणमंतराव उठले नाहीत. बरगडी दुखत होती हे खरं, पण म्हणून नव्हे. जनावर पडलं होतं. वाघूर तुटलेली असली तरी जमिनीवर होती. साठ वर्षांत त्यांच्या घरातलं कुणी अशा वेळी उठलं नव्हतं.

"तू जा," ते म्हणाले.

ज्योतिबाने जीपच्या आवाजाकडे बघितलं, मग हणमंतरावांकडे. मग तोही खाली बसला आणि त्याने मेलेल्या मादीच्या तोंडावरचा फेस गवताने पुसला.

सगळ्यांत पुढे मल्लाप्पाच आला. मादीकडे बघून त्याचा चेहरा पडला. "अय्यो राव," तो म्हणाला. मग मागे बघून हळूच, "वाघूर कुणाची म्हणायची?"

हणमंतरावांनी मेखेवर हात ठेवला. "माझी," ते म्हणाले. हे एवढं बोलताना त्यांना अजितची आठवण झाली नाही. झाली असती तरी तोंडातून दुसरं काय आलं असतं, हे सांगता येत नाही. मल्लाप्पाने कपाळाला हात लावला आणि मागून येणाऱ्या गार्डला यातलं काही सांगितलं नाही.

दोघांना जीपमध्ये मागे बसवलं. पायाशी मादी, तिच्यावर गोणपाट, आणि त्यावर वाघुरीचं भेंडोळं. आनेकलपर्यंतच्या रस्त्यावर होसतोडकूची माणसं मटणाच्या दुकानांपुढे रांगा लावून उभी होती. प्रत्येक खड्ड्याला गोणपाट हलायचं आणि ज्योतिबा त्यावर हात ठेवायचा.

रेंज ऑफिसच्या व्हरांड्यात त्यांना फरशीवर बसवलं. बाकडं होतं, पण बाकड्यावर बसा असं कुणी म्हटलं नाही. रेंजर तरुण होता, चष्मा लावणारा, आवाज न चढवणारा. तो आत सारखा फोनवर बोलत होता. मधेच बाहेर येऊन त्याने मादीचं पोट बघितलं आणि गोणपाट पुन्हा नीट ओढलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्यामुळे हणमंतरावांना त्याच्यावर रागावताही येईना.

"बेंगळूरच्या पेपरवाल्याला कळलंय," तो कन्नडमध्ये म्हणाला. "हे दाबता येणार नाही. जमाव होता असं लिहिलं तर सगळं पाळ्य आत जाईल. मला ते नको आहे. एक जनावर, एक जाळं. ज्याचं जाळं, तो. बाकीच्यांनी घरी जावं. अर्ध्या तासाने विचारतो."

हणमंतरावांना तहान लागली होती. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, पण उठलं की बरगडीत कळ यायची. पुरुषभर उंचीवर घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी मनात वाक्य जुळवून ठेवलं. नन्नदु, स्वामी. माझं आहे.

तेवढ्यात अजित सायकल हाणत आला. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. तो बापापुढे उकिडवा बसला.

"सगळे पळाले," तो म्हणाला. "नऊ माणसं पळाली अप्पा. तुम्हाला पाय नव्हते काय?"

"जनावर पडलं होतं."

"म्हणून?"

हणमंतरावांजवळ याचं उत्तर होतं, पण ते या फरशीवर बसून देण्यासारखं नव्हतं.

"बोललात काय काही?"

"अजून नाय."

"मग बोलू नका." अजितचा आवाज फुटला. "माहीत नाय म्हणा. एवढंच म्हणा. मी आयुष्यात तुमच्याकडं काय मागितलंय? शाळा सोड म्हणालात, सोडली. एवढं एक द्या. पाया पडतो."

आणि तो खरोखर पाया पडला, सरकारी ऑफिसात, गार्डच्या देखत. हणमंतरावांनी पाय मागे घेतले. पोराचं टाळकं आपल्या नखांना लागलेलं त्यांना सहन झालं नाही.

मग अजित उठून नळाकडे गेला. जाताना त्याने ज्योतिबाला खूण केली. दोघं नळाशी उभे राहिले. अजित बोलत होता, हात हलवत होता. ज्योतिबा टॉवेल खांद्यावरून काढून पिळत होता आणि मान डोलवत होता. एकदा त्याने व्हरांड्याकडे बघितलं. हणमंतरावांना शब्द ऐकू येत नव्हते. हाक मारून विचारता आलं असतं, काय चाललंय रे म्हणून. त्यांनी विचारलं नाही. ते घड्याळाकडे बघत बसले.

रेंजर कागद घेऊन बाहेर आला. मल्लाप्पाने वाघुरीचं भेंडोळं पुढे टाकलं. तो मान खाली घालून उभा होता.

"हे जाळं कुणाचं?"

त्याने हणमंतरावांकडे बघून विचारलं होतं. सगळेच त्यांच्याकडे बघत होते. वाखाच्या गाठींना त्यांच्या थुंकीचा वास असेल, इतकी ती त्यांची होती.

"माहीत नाय, स्वामी," हणमंतराव म्हणाले.

मल्लाप्पाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तुझं काय रे?" रेंजरने ज्योतिबाला विचारलं.

ज्योतिबा पुढे आला. त्याने टॉवेल झटकून नीट खांद्यावर टाकला. भेंडोळ्यातून एक मेख बाहेर आली होती, तिच्यावर हात ठेवला. आणि ज्या गळ्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी हाका घातला त्या गळ्याने तो म्हणाला, "वाघूर माझी. वाघूर माझी. वाघूर माझी."

"एकदा सांगितलं तरी पुरे," रेंजर म्हणाला आणि लिहू लागला.

ज्योतिबाचा अंगठा शाईत बुडवला गेला तेव्हा हणमंतरावांना वाटलं, आता उठावं आणि ओरडावं. पण उठायला गेले तशी बरगडीत कळ आली आणि अजितने दंडाला धरून त्यांना उठवलं, आणि उठल्यावर ते सरळ रस्त्याकडेच चालत गेले. मागे वळून बघायचं राहिलं.

त्या दिवशी पाळ्यात वाटे झाले नाहीत. इंदिराबाईंनी हुलग्याचं कळण केलं होतं. अजित जेवता जेवता म्हणाला, "दहा दिवसांत सुटेल. वकिलाचं मी बघतो." इंदिराबाईंनी कळण वाढलं. त्याने परत तेच सांगितलं आणि ताट सारलं.

दिवस नेहमीसारखेच गेले, हेच हणमंतरावांना खुपत होतं. सकाळी तुतीचा पाला कापायचा, भारा डोक्यावर घ्यायचा, बरगडी धरून चालायचं. किड्यांना पाला घातला की पाऊस लागल्यासारखा बारीक आवाज सुरू होतो. पूर्वी तो त्यांना आवडायचा. आता ते पाला टाकून लगेच बाहेर यायचे. पळालेली माणसं येऊन कट्ट्यावर बसत, टोमॅटोवरच्या रोगाबद्दल बोलत, तंबाखू मळत. वाघुरीचं नाव कुणी काढलं नाही. दूषण दिलं असतं, थुंकले असते, तर बरं वाटलं असतं. उलट एकाने जाताना हळूच म्हटलं, "राव, बरं केलंत. पोराचं बघायला पाहिजे." त्या रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

बाराव्या दिवशी, सोमवारी, ठाण्यातून निरोप आला. गुरुवारी चौकशीला माणूस येतोय. घरात असा.

बुधवारी दुपारी यल्लव्वा आली. ज्योतिबाची बायको. आनेकलहून बसने येऊन, फाट्यापासून चालत आलेली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. ती कट्ट्याच्या कडेला टेकली आणि पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला.

"अण्णा, कोर्टानं सोडतो म्हटलंय," ती म्हणाली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "जामीन राहायला पाहिजे फक्त. ज्याच्या नावावर जमीन हाय असा माणूस. वकील म्हणाला, जमिनीच्या पहाणीचा उतारा घेऊन उद्या अकरा वाजता या, संध्याकाळी नवरा घरी."

"उद्या," हणमंतराव म्हणाले.

"उद्याच. परवापासून कोर्टाला सुट्ट्या हायत. मग एकदम पंधरा दिवस जातील म्हणे." तिने कागद गुडघ्यावर सपाट केला. "मी म्हटलं, जामिनाची काळजी नाय. अण्णा राहणार हायत. अजितनं तिथंच नळापाशी वचन दिलंय यांना. म्हणाला, तू एवढं बोल, अप्पा जामीन राहतील, दहा दिवसांत सोडवून आणतील."

हणमंतरावांना हे पहिल्यांदाच कळत होतं. तरी पहिल्यांदा कळलं असं म्हणायला त्यांची जीभ धजावली नाही. नळाकडे त्यांनी डोळे उघडे ठेवूनच बघितलं होतं.

"कसा आहे तो?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय. खोकतो. गळा बसलाय." ती हसली. "आत कुणीतरी विचारलं म्हणे, तू काय केलंस. तर म्हणाला, माझ्या वाघुरीत चितळ पडलं. मला म्हणतो, यल्ले, अण्णांना विचार, आता आपल्या घरात वाघूर ठेवायला चालेल की नाय. पुढच्या पाडव्याला ओळीत लावायला देतील की नाय."

पुढच्या पाडव्याला ओळ लागणार नव्हती, हे पाळ्यातल्या पोराटोरांनाही कळलं होतं. जंगलाच्या कडेने खंदक खणायला यंत्र आलं होतं.

"पहाणी आणतो," ते म्हणाले आणि आत गेले.

आत इंदिराबाई ट्रंकेपुढे उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. ट्रंकेत जमिनीचे कागद, वरती भिंतीवर देवाचा फोटो, फोटोमागे अजितचं पत्र. त्या बाजूला झाल्या नाहीत, पण आडव्याही आल्या नाहीत. नुसत्या रडत होत्या, आवाज न करता, नाक पदराने दाबून.

"उद्या तिकडं जामीन राहिलात," त्या कुजबुजल्या, "तर इकडं पोलिसाला काय सांगू? अप्पा कुठं गेले? कुणाच्या केससाठी गेले? शिकारीच्या? लिहून घेईल तो. पोराचं नाव कापलं जाईल. एक दिवस. एकच दिवस थांबवा तिला."

"एक दिवस नाय ते. पंधरा दिवस होतात."

"पंधरा दिवस," इंदिराबाई म्हणाल्या. "माझ्या पोराचा जन्म हाय."

हणमंतराव उभे राहिले. ट्रंकेची किल्ली त्यांच्या करदोट्याला होती, पोटाला गार लागत होती. काढायची, लावायची, कागद घ्यायचा, एवढंच काम. त्यांनी हात कमरेपर्यंत नेला. बाहेर यल्लव्वा पायांवरची धूळ झटकत होती, त्याचा आवाज येत होता. हात तिथेच राहिला. बायकोकडे बघवेना आणि दाराकडेही बघवेना. आपण असे कधी झालो, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"अण्णा, सापडली काय?" यल्लव्वाने बाहेरून विचारलं.

"किल्ली," हणमंतराव म्हणाले. "ट्रंकेची किल्ली सापडेना बघ."

"शोधा, शोधा. घाई नाय. मी बसते. पाचची बस हाय मला."

आता शोधणं भाग होतं. हणमंतरावांनी फळीवरचे डबे सरकवले. नाचणीचा डबा उचलून खाली ठेवला. तांब्या पाडला, तो गडगडत गेला. इंदिराबाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला. हणमंतरावांनी जात्याची खुंटी हलवली, परातीवर परात आपटली, पाटा ओढला, आणि प्रत्येक वेळी वाकलं की करदोट्याची किल्ली पोटात रुतत होती.

"हंड्यामागं बघा, अण्णा," यल्लव्वा बाहेरून म्हणाली. "आमच्याकडं हरवलेलं सगळं हंड्यामागंच सापडतं."

हणमंतरावांनी हंडा दोन्ही हातांनी धरला, बरगडीची कळ सोसली आणि तो बाजूला केला. मागे वाकून बराच वेळ बघत राहिले.